एनएडीचा रेणू कागदावर कसा काढावा आणि कसा वाचावा

जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात एनएडी या सहविकराची (विकराला, म्हणजे एन्झाइमला, मदत करणाऱ्या लहान रेणूची) आकृती पहिल्यांदा समोर येते, तेव्हा पान उलटून पुढे जाण्याचा मोह अनेकांना होतो. पाच वलये, दोन फॉस्फरस, जागोजागी विखुरलेले ऑक्सिजन आणि एका कोपऱ्यात एकच धन चिन्ह, असा तो पसारा असतो. मग परीक्षेच्या आदल्या रात्री ही आकृती चित्रासारखी पाठ केली जाते आणि आठवड्याभरात विसरली जाते. ही आकृती पाठ करण्याची गरज नाही, असे मी आग्रहाने सांगेन. सहा तुकडे आणि त्यांना जोडणारे पाच सांधे कळले की ती कोणालाही कोऱ्या कागदावर उभी करता येते, आणि उभी करता आली की विकराच्या आत हा रेणू नेमके काय करतो हेही तिच्यातूनच वाचता येते. सोबत कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि एक लाल पेन्सिल ठेवावी. लाल पेन्सिलीचे काम फक्त एका अणूपुरते आहे, पण तो अणू या लेखाचा खरा विषय आहे.

विकरे ही बहुतांशी प्रथिने असतात आणि प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या प्रोटॉन देण्याघेण्यात तरबेज असल्या, तरी इलेक्ट्रॉनांची जोडी एका पदार्थाकडून घेऊन, ती सांभाळून, दुसऱ्या पदार्थाला देणे त्यांना सहसा जमत नाही. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) आणि क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणे) घडवणाऱ्या विकरांना त्यासाठी बाहेरून एक लहान, उष्णता सोसणारा, प्रथिन नसलेला रेणू लागतो. आर्थर हार्डेन आणि विल्यम यंग यांनी लंडनमध्ये १९०६ साली हे दाखवले. यीस्टचा रस त्यांनी जिलेटिनच्या गाळणीतून दाबाखाली गाळला, तेव्हा गाळणीवर उरलेला भागही एकटा साखरेचे किण्वन करीना आणि खाली आलेला द्रवही करीना. दोन्ही पुन्हा एकत्र केले की किण्वन सुरू होई. खाली आलेला द्रव उकळला तरी त्याचा गुण टिकत असे. त्या द्रवात एकाहून अधिक आवश्यक घटक होते हे पुढे उघड झाले, आणि त्यांतील प्रमुख म्हणजे आज आपण ज्याला एनएडी म्हणतो तो रेणू. हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांनी तो न्यूक्लिओटाइड असल्याचे पुढे आणले. या किण्वन-संशोधनासाठी हार्डेन आणि ऑयलर-केल्पिन यांना १९२९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रेणूचा कोणता भाग खरे काम करतो हे मात्र १९३६ च्या सुमारास ऑटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेतून स्पष्ट झाले. जुन्या लेखांत याच रेणूला कोझायमेज, सहविकर एक किंवा डीपीएन असे म्हटलेले आढळेल. नावे वेगळी असली तरी आकृती एकच आहे.

नावापासून सुरुवात

निकोटिनामाइड अ‍ॅडेनिन डायन्यूक्लिओटाइड हे पूर्ण नाव लांबलचक असले, तरी त्यात रचना जवळजवळ पूर्ण सांगितलेली आहे. डायन्यूक्लिओटाइड म्हणजे दोन न्यूक्लिओटाइडांची जोडी. प्रत्येक न्यूक्लिओटाइडमध्ये नत्रयुक्त वलय, पाच कार्बनची शर्करा आणि फॉस्फेट असे तीन भाग असतात, म्हणजे एकूण तुकडे सहा झाले. शर्करा दोन्हीकडे रायबोज आहे आणि फॉस्फेट दोन्हीकडे तेच आहे; फरक फक्त वलयात आहे. एकीकडे निकोटिनामाइड, दुसरीकडे अ‍ॅडेनिन.

कागदाच्या मधोमध डावीकडे दोन फॉस्फरस एकाखाली एक लिहावेत. वरच्या फॉस्फरसच्या उजवीकडे एक रायबोज आणि त्याच्याही उजवीकडे निकोटिनामाइड येईल. खालच्या फॉस्फरसच्या उजवीकडे दुसरे रायबोज आणि मग अ‍ॅडेनिन. अशा मांडणीत पूर्ण रेणू इंग्रजी सी अक्षरासारखा दिसतो, त्याचा कणा डावीकडे फॉस्फेटांचा आणि दोन हात उजवीकडे गेलेले. बहुतेक पुस्तकांत हीच मांडणी असते, म्हणून ती अंगवळणी पाडावी.

तुकडे काढताना

रायबोजपासून आरंभ करणे सोयीचे, कारण ते दोनदा लागते. पंचकोन काढावा, वरच्या टोकाला ऑक्सिजन ठेवावा आणि त्याच्या उजवीकडच्या कार्बनला १′ हा क्रमांक द्यावा. घड्याळाच्या दिशेने जात खालचे दोन कार्बन २′ आणि ३′ होतात आणि डावीकडचा ४′. पाचवा कार्बन वलयात नसतो. तो ४′ ला बाहेरून, वरच्या बाजूने चिकटलेला असतो. क्रमांकावरचे प्राइम चिन्ह शर्करेचा कार्बन दाखवते, म्हणजे नत्रयुक्त वलयांच्या क्रमांकांशी त्याची गल्लत होत नाही. २′ आणि ३′ या दोन्ही कार्बनांवर हायड्रॉक्सिल गट खालच्या बाजूला काढावेत. १′ कार्बनवर नत्रयुक्त वलय जोडायचे आहे आणि ते वरच्या बाजूला, म्हणजे ५′ कार्बन ज्या बाजूला आहे त्याच बाजूला जोडले जाते. या मांडणीला बीटा म्हणतात. रेणूच्या दोन्ही हातांत ती बीटाच आहे. आकृती सपाट काढताना हे वर-खाली सहज निसटते, आणि एकदा निसटले की आपण वेगळाच रेणू काढलेला असतो, ज्याला ही विकरे सहविकर म्हणून वापरत नाहीत.

अ‍ॅडेनिन हे षटकोन आणि पंचकोन एका कडेने जोडलेले जोडवलय आहे. त्यात पाच नायट्रोजन आहेत, चार वलयांमध्ये आणि एक बाहेर अमिनो गटाच्या रूपात. षटकोनात नायट्रोजनना १ आणि ३ हे क्रमांक मिळतात, पंचकोनात ७ आणि ९. अमिनो गट ६ क्रमांकाच्या कार्बनवर बसतो. दुहेरी बंध १ व ६, २ व ३, ४ व ५, आणि ७ व ८ यांच्यामध्ये काढले की सर्वांची संयुजा जमते. शर्करा जोडली जाते ती ९ क्रमांकाच्या नायट्रोजनला. ज्यांनी डीएनए किंवा एटीपी काढून पाहिले असेल त्यांच्यासाठी यात नवीन काहीच नाही. हा संपूर्ण खालचा हात म्हणजे एएमपी (अ‍ॅडेनोसिन मोनोफॉस्फेट), जसाच्या तसा.

निकोटिनामाइड आकाराने लहान आहे, पण त्याच्यापाशी थांबायला हवे. षटकोन काढून एका कोपऱ्यावर नायट्रोजन ठेवावा. तो क्रमांक १. तीन क्रमांकाच्या कार्बनवर अमाइड गट काढावा, म्हणजे एक कार्बन, त्याला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन आणि एकेरी बंधाने जोडलेला अमिनो गट. चार क्रमांकाचा कार्बन नायट्रोजनच्या बरोबर समोर येतो. त्याच्यावर आत्ताच लाल पेन्सिलीने ठिपका द्यावा. दुहेरी बंध १ व २, ३ व ४, ५ व ६ यांच्यामध्ये काढावेत. नायट्रोजनला वलयात तीन बंध झाले आणि शर्करेकडे जाणारा चौथा बंध त्यात मिळाला, की त्याच्यावर धन प्रभार येतो. सहविकराच्या नावापुढे जे धन चिन्ह लिहिले जाते ते इथून येते.

हा निकोटिनामाइडचा तुकडा आपल्या आहारातून येतो, नायसिन म्हणजे जीवनसत्त्व ब-३ च्या रूपाने. शरीर तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही बनवते, साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम नायसिन या हिशेबाने. तो कमी पडला की पेलाग्रा होतो आणि त्वचा, आतडी व मेंदू तिन्हींवर त्याचा घाला पडतो. दख्खनच्या पठारावर, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत हा रोग आढळत असे. हैदराबादमधील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी त्याचा संबंध जोडला. त्यांच्या या मताबद्दल पुढे वाद झाले. कागदावरचा सहा अणूंचा हा षटकोन ताटातल्या भाकरीशी इतका जवळून बांधलेला आहे, हे तो काढताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाच सांधे

आता तुकडे जोडायचे. निकोटिनामाइडचा १ क्रमांकाचा नायट्रोजन वरच्या रायबोजच्या १′ कार्बनला जोडावा. त्या रायबोजच्या ५′ कार्बनला ऑक्सिजन आणि त्या ऑक्सिजनला वरचा फॉस्फरस. वरचा आणि खालचा फॉस्फरस यांच्यामध्ये एक सामाईक ऑक्सिजन. खालच्या फॉस्फरसपासून ऑक्सिजनमार्गे खालच्या रायबोजचा ५′ कार्बन. आणि शेवटी त्या रायबोजच्या १′ कार्बनला अ‍ॅडेनिनचा ९ क्रमांकाचा नायट्रोजन. प्रत्येक फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन असावेत: एक शर्करेकडे जाणारा, एक सामाईक, एक दुहेरी बंधाचा आणि एक ऋण प्रभार असलेला.

मधल्या सांध्यात सर्वांत जास्त चुका होतात आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. आरएनएमध्ये एका न्यूक्लिओटाइडचा ३′ कार्बन पुढच्या न्यूक्लिओटाइडच्या ५′ कार्बनला एकाच फॉस्फेटमार्गे जोडलेला असतो, आणि डायन्यूक्लिओटाइड हा शब्द वाचला की हात आपोआप तसाच जोड काढतो. एनएडीमध्ये मात्र दोन्ही बाजूंना ५′ कार्बन आहेत आणि मध्ये दोन फॉस्फेट आहेत. दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून हस्तांदोलन करावे तसा हा जोड आहे. आरएनएचा जोड रांगेत पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखा असतो. ३′ हायड्रॉक्सिल गट दोन्ही शर्करांवर मोकळेच राहिले पाहिजेत. आकृती पूर्ण झाल्यावर २′ आणि ३′ वरचे चारही हायड्रॉक्सिल गट बोटाने मोजावेत. एखादा गायब असेल, तर सांधा चुकीच्या जागी बसला आहे.

अणूंची मोजदाद

आकृती बरोबर आहे का हे दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी स्वतः तपासता येते. कार्बन मोजावेत: अ‍ॅडेनिनचे ५, दोन रायबोजांचे १०, निकोटिनामाइडचे ६, म्हणजे २१. नायट्रोजन ५ आणि २, म्हणजे ७. ऑक्सिजन मोजताना सावकाश जावे: दोन शर्करांच्या वलयांतले आणि हायड्रॉक्सिल गटांचे मिळून ६, फॉस्फेटांभोवतीचे ७, अमाइडचा १, एकूण १४. फॉस्फरस २. हायड्रोजन बहुतेकदा आकृतीत लिहिलेले नसतात, पण ते धरले की २६ होतात. पुस्तकातल्या उदासीन सूत्रात २७ लिहिलेले असतात, कारण तिथे एक हायड्रोजन फॉस्फेटवर धरलेला असतो.

वस्तुमानाचीही पडताळणी होते. निकोटिनामाइडच्या मोनोन्यूक्लिओटाइडचे, म्हणजे वरच्या हाताचे, रेणुवस्तुमान सुमारे ३३४.२ आणि एएमपीचे ३४७.२. दोघे जोडले जाताना पाण्याच्या एका रेणूइतके अणू, म्हणजे १८.०, वजा होतात आणि ६६३.४ उरतात. एनएडीच्या बाटलीवरचा आकडा याच्या आसपास असतो. सोडियम क्षार किंवा स्फटिकजल असेल तर तो वाढतो, म्हणून द्रावण बनवताना बाटलीवरचाच आकडा वापरावा.

प्रभाराची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नावात धन चिन्ह असल्यामुळे संपूर्ण रेणू धन प्रभारित आहे असे अनेकांना वाटते. पेशीतल्या साधारण उदासीन सामूला दोन फॉस्फेटांवर दोन ऋण प्रभार असतात आणि निकोटिनामाइडवर एक धन, म्हणून एकूण प्रभार ऋण एक. धन चिन्ह फक्त त्या वलयाची स्थिती सांगते.

लाल ठिपक्यापाशी

आता ज्या कार्बनवर लाल ठिपका दिला होता तिकडे वळावे. नायट्रोजनवरचा धन प्रभार वलयातल्या इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे ओढतो. दुहेरी बंध सरकवून दुसरी संस्पंदन रूपे काढून पाहिली, तर तोच धन प्रभार २, ४ आणि ६ क्रमांकाच्या कार्बनांवर उमटताना दिसतो. विकराच्या आत हायड्राइड, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन घेऊन निघालेला हायड्रोजन, येऊन बसतो तो ४ क्रमांकावर. मद्याचे उदाहरण घ्यावे. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या विकराच्या कुशीत इथेनॉलच्या हायड्रॉक्सिल गट असलेल्या कार्बनवरचा एक हायड्रोजन हायड्राइडच्या रूपात थेट या कार्बनवर जातो, हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन प्रोटॉन म्हणून द्रावणात जातो, आणि इथेनॉलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते.

हे घडल्यावर आकृतीत काय बदलायचे ते नीट पाहावे. ४ क्रमांकाच्या कार्बनवर आता दोन हायड्रोजन आहेत. दुहेरी बंध २ व ३ आणि ५ व ६ यांच्यामध्ये उरतात. नायट्रोजनचा धन प्रभार जातो आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी येते. बाकी सर्व रेणू, दोन्ही शर्करा, फॉस्फेट, अ‍ॅडेनिन, जसेच्या तसे राहतात. वलयाची सुगंधी (अ‍ॅरोमॅटिक) स्थिरता, म्हणजे वलयभर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे मिळणारी स्थिरता, मोडलेली असते आणि ती परत मिळवण्याची ओढ त्याला असते. म्हणूनच हे क्षपित रूप, म्हणजे एनएडीएच, हा हायड्राइड पुढच्या पदार्थाला देऊ शकतो. घेण्याची आणि देण्याची ही दोन्ही कारणे एकाच वलयात सापडतात, आणि मला या रेणूची खरी देखणी बाजू हीच वाटते.

शालेय पुस्तकांत क्षपित रूप पुष्कळदा एनएडीएच-टू असे लिहिलेले असते. पदार्थातून दोन हायड्रोजन निघाले हे सांगायला ते सोपे आहे, पण आकृतीशी ते जुळत नाही. दोन्ही हायड्रोजन या रेणूवर बसत नाहीत. एक बसतो, दुसरा प्रोटॉन म्हणून पाण्यात जातो. म्हणून एनएडीएच आणि सोबत वेगळा प्रोटॉन असे लिहिण्याची सवय लावावी. हे केवळ लेखनाचे नियम नाहीत: तो प्रोटॉन सामूवर परिणाम करतो, आणि प्रयोगात बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) कमकुवत असेल तर तो परिणाम मोजताही येतो.

पाण्यातून हायड्रोजन येत नाही, तो थेट पदार्थाकडूनच येतो, हे १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्रँक वेस्टहाइमर, बिर्गिट वेनेसलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, वापरून सिद्ध केले. ड्यूटेरियमयुक्त इथेनॉल दिले की सहविकरावर ड्यूटेरियमचा एक अणू येई, आणि तेच सहविकर साध्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला दिले की तो पूर्णपणे परत निघून जाई. यातून आणखी एक गोष्ट कळते. निकोटिनामाइडचे वलय सपाट आहे आणि त्याला दोन बाजू आहेत; विकर हायड्राइड नेहमी एकाच ठरावीक बाजूने आणते आणि त्याच बाजूने नेते. यीस्टचे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज ज्या बाजूचा वापर करतात तिला ए म्हणतात. ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज दुसरी, बी बाजू वापरते. आकृतीत हे दाखवायचे असेल तर एनएडीएचच्या ४ क्रमांकावरील एक हायड्रोजन ठळक पाचरीने कागदाच्या वर आणि दुसरा तुटक पाचरीने कागदाच्या खाली काढावा.

उरलेला रेणू कशासाठी

एवढे सगळे काम एका कार्बनवर होत असेल, तर अ‍ॅडेनिन आणि फॉस्फेटांचा भार कशाला, असा प्रश्न वाचकाला पडला पाहिजे. उत्तर असे की तो भाग मूठ आहे. विकर रेणूला तिथे धरते. मायकेल रॉसमन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लॅक्टेट डिहायड्रोजिनेजची त्रिमित रचना उलगडली, तेव्हा एनएडी धरणारी एक विशिष्ट घडी दिसली आणि पुढे ती इतर अनेक विकरांतही सापडली. फॉस्फेटांपाशी प्रथिनात ग्लायसिनने भरलेले वळण असते, कारण ग्लायसिनला बाजूची साखळी नसल्यामुळे फॉस्फेट तिथे जवळ येऊ शकतात. अ‍ॅडेनिनकडच्या रायबोजचे २′ आणि ३′ हायड्रॉक्सिल गट बहुधा एक अ‍ॅस्पार्टेट नावाचे अमिनो आम्ल हायड्रोजन बंधांनी धरते.

याच जागी एनएडीपीचा फरक समजतो. आपल्या आकृतीत अ‍ॅडेनिनकडच्या रायबोजच्या २′ ऑक्सिजनवर आणखी एक फॉस्फेट काढले की एनएडीपी तयार झाला. हे फॉस्फेट लाल ठिपक्यापासून फार दूर आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉन घेण्यादेण्याच्या क्षमतेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पण अ‍ॅस्पार्टेटचा ऋण प्रभार त्या ऋण फॉस्फेटला दूर ढकलतो, आणि एनएडीपी वापरणाऱ्या विकरांत त्याऐवजी बहुधा आर्जिनिनसारखी धन प्रभाराची साखळी असते. त्यामुळे पेशीला अन्न जाळण्याचे आणि नवे पदार्थ बांधण्याचे असे दोन वेगळे हिशेब ठेवता येतात.

आकृती प्रयोगाशी जोडताना

वलयातला बदल डोळ्यांना दिसत नाही, पण स्पेक्ट्रोफोटोमीटरला दिसतो. अ‍ॅडेनिनमुळे दोन्ही रूपे २६० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश शोषतात. ३४० नॅनोमीटरला मात्र एनएडीएच शोषतो आणि एनएडी+ जवळजवळ शोषत नाही, कारण ते शोषण क्षपित निकोटिनामाइडच्या वलयाचे आहे. या तरंगलांबीला एनएडीएचचा मोलर शोषण गुणांक ६२२० धरतात. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये अ‍ॅब्सॉर्बन्स ०.३११ आला तर ०.३११ ला ६२२० ने भागावे. उत्तर लिटरमागे ०.००००५ मोल, म्हणजे ५० मायक्रोमोलर. यकृताच्या तपासणीतला एसजीपीटीचा आकडा सामान्यतः याच रीतीने मिळतो: रक्तातले एसजीपीटी हे विकर पायरुवेट तयार करते, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज त्या पायरुवेटला एनएडीएचचा हायड्राइड देते, आणि ३४० नॅनोमीटरचे शोषण किती वेगाने उतरते ते यंत्र मोजते.

द्रावणे ठेवताना रचना पुन्हा आठवावी लागते. एनएडीएच आम्लात टिकत नाही आणि एनएडी+ तीव्र आम्लारीत टिकत नाही. म्हणून एनएडीएचचे द्रावण किंचित आम्लारीधर्मी बफरमध्ये ताजे बनवून बर्फात, प्रकाशापासून दूर ठेवावे, आणि दोन्ही रूपांसाठी एकच बफर वापरण्याची घाई करू नये.

शेवटी हाच रेणू त्रिमितीत पाहायचा असेल तर प्रथिन रचनांच्या जागतिक संग्रहातून, म्हणजे पीडीबीमधून, एखाद्या डिहायड्रोजिनेजची फाइल उतरवून रेणू दाखवणाऱ्या मोफत संगणक-प्रणालीत उघडावी. तिथे ऑक्सिडित रूपाला एनएडी, क्षपित रूपाला एनएआय, एनएडीपीला एनएपी आणि त्याच्या क्षपित रूपाला एनडीपी असे तीन अक्षरी संकेत आहेत. अणूंच्या नावांत अ‍ॅडेनिनच्या अणूंना शेवटी ए, त्याच्या रायबोजला बी, निकोटिनामाइडकडच्या रायबोजला डी आणि निकोटिनामाइडला एन हे अक्षर जोडलेले असते. सी४एन हा अणू शोधून लाल रंगवावा, आणि फाइलमध्ये पदार्थ किंवा त्याच्यासारखा रेणू असेल तर ज्या कार्बनवरून हायड्राइड यायचा त्या कार्बनपर्यंतचे अंतर मोजावे. ते बहुधा ३ ते ४ अँगस्ट्रॉम भरेल.